मदत हवी आहे: खासगी मातीच्या धरणाची धोक्याची वर्गवारी कोण करून देतं?

नमस्कार मंडळी. राहायला मुलुंडला, पण शहापूरकडे आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिथे आजोबांनी ओढ्यावर मातीचं धरण घातलंय. धरण कसलं, मोठा बंधाराच. परवा काकांनी आणि मी टेप लावून मोजलं, खोल जागी उंची 24 फूट भरली.

धरण सुरक्षा कायदा 2021 चाळला. 15 मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात, 10 ते 15 मीटरमधली काही अटींवर. म्हणजे आम्ही सुटलो. पण कागदावर सुटून काय करू? धोक्याचा वर्ग मुख्यतः धरण फुटलं तर खाली काय सापडेल यावरून ठरतो. पूर्वी खाली नुसती भातखाचरं होती, आता 14 घरं झालीत. 2019 ला चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हापासून आई दर पावसाळ्यात गावी फोन करत बसते.

त्यात पायथ्याशी एका जागी भर मेमध्येही गवत हिरवंगार असतं. पाय ठेवला की चप्पल रुतते. झिरपणारं पाणी नितळ आहे, गढूळ नाही, एवढाच दिलासा. भरावावर उंबर वाढलाय, सांडव्यात (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत) निम्मा गाळ. (खेकड्यांची बिळंही आहेत, हसू नका.)

खासगी मालकाला अशी पाहणी कोण करून देतं? नाशिकची धरण सुरक्षितता संघटना एवढ्या लहान धरणाची दखल घेते का? आणि उंबर आत्ता तोडावा की नको? मुळं कुजून आत पोकळी होते म्हणतात. पाऊस तोंडावर आलाय.