वेबसाईटवर ओव्या टाकायच्यात, ऑडिओ-व्हिडिओ कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू?

रानजाई:
नमस्कार मंडळी, आमच्या भागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करतोय, त्याची छोटी वेबसाईट केलीय. ऑडिओ जुन्या कॅसेटवरून घेतलेल्या वेव फाईली आहेत, व्हिडिओ आयफोनवरचे. लॅपटॉपवर सगळं नीट वाजतं पण गावात साध्या मोबाईलवर व्हिडिओचा नुसता आवाज येतो, चित्र काळं, आणि ऑडिओचं पान तर उघडता उघडत नाही. पान उघडल्यावर ओवी आपोआप सुरू व्हावी असंही हवं होतं, तेही होत नाही. ज्या आज्यांनी गायलंय त्यांनाच ऐकता येत नसेल तर कसं चालेल? प्लीज सांगा.

फीतवाला:
आधी ऑडिओ बघू. सीडीच्या दर्जाची वेव म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी, गावातल्या नेटवर ती कशी उघडणार. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोनो (एकच चॅनल) करा आणि ९६ केबीपीएसची एमपीथ्री काढा, मिनिटाला पाऊण एमबीच्या आत येते आणि कुठल्याही फोनवर वाजते. पण मूळ वेव उडवू नका हां, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एमपीथ्री करताना जे जातं ते परत मिळत नाही. आणि आवाज साफ करायच्या नादात नॉइज रिडक्शन जोरात मारू नका, जात्याची घरघर जाईल, ओवीची लय त्या घरघरीवरच तर चालते, ती गेली की अर्धी ओवी गेली असं मला मनापासून वाटतं.

डोंगरवाट:
व्हिडिओचं कारण बहुतेक एचईव्हीसी, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन ७ आणि पुढचे फोन, सेटिंग बदललं नाही तर, त्यातच शूट करतात, बऱ्याच अँड्रॉइड ब्राउझरना ते झेपत नाही. पुढच्या शूटिंगसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' करा. आहेत ते हँडब्रेक या व्हिडिओचा फॉरमॅट बदलायच्या सॉफ्टवेअरमधून एच २६४ (जुनी, जवळपास सगळीकडे चालणारी पद्धत) ची एमपीफोर करून घ्या, ७२०पी पुरे, आणि 'वेब ऑप्टिमाइझ्ड' वर टिक कराच, नाहीतर फाईलची अनुक्रमणिका शेवटी राहते आणि व्हिडिओ सुरू व्हायलाच वेळ लागतो.
ऑटोप्लेचा नाद सोडा. क्रोम २०१८ पासून आवाजासकट ऑटोप्ले अडवतो, म्यूट करून चालतो पण म्यूट ओवी काय कामाची. मोठं प्ले बटण द्या.

रानजाई:
खूप आभार दोघांचे! एका पानावर पुष्कळ ओव्या आहेत, तरी चालेल ना?

डोंगरवाट:
चालेल, प्रत्येक प्लेयरला प्रीलोड (फाईल आधीच उतरवून ठेवायची सेटिंग) 'नन' ठेवा म्हणजे दाबल्याशिवाय काहीच डाउनलोड होत नाही, कुणाचा डेटा उगाच जात नाही.

फीतवाला:
आणि प्लेयरखाली ओवीचे शब्द टाइप करून टाका, फोटो नको, म्हणजे गूगलवर शोधल्यावर सापडतील. गाणाऱ्या बाईंचं नाव, गाव पण लिहा, त्यांना विचारून.