‘घोड्याची दुनळी’ म्हणजे नेमकी कुठली?

प्रश्न (चोपड्याहून): जुनी बंदूक विकायची म्हणून एकाने लिहिलंय : ‘घोड्याची दुनळी, 12 बोअर, नळ्या जौहरदार.’ घोडा तर प्रत्येकच बंदुकीला असतो ना? मग वेगळं काय सांगितलं?

उत्तर (शिरपूरहून) : भाऊ, बोटाने ओढतात तो चाप. घोडा म्हणजे अंगठ्याने मागे चढवायचा तो, जो पडल्यावर बार उडतो. ‘घोडा दाबला’ हा बोलण्यातला घोळ आहे. घोड्याची दुनळी म्हणजे दोन नळ्यांची, दोन्ही घोडे बाहेर दिसणारी. 1875 साली अॅन्सन आणि डीली या इंग्रज बंदूककारांची रचना आली, तिच्यात घोडे पेटीच्या आत गेले. नळ्या खाली पाडल्या की ते आपोआप चढतात. तिला बिनघोड्याची म्हणतात, पण घोडे आहेतच, दिसत नाहीत इतकंच.

घ्यायच्या आधी, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्याने बघून, घोडा अर्ध्यावर, म्हणजे पहिल्या खाचेत, ठेवा आणि अंगठ्याने पुढे रेटा. पडला तर खाच झिजली. नुसत्या धक्क्याने बार होईल.

अमळनेर : ‘जौहरदार’वर भाळू नका. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी ती, लाटांची नक्षी त्याचीच. बहुतेक काळ्या दारूसाठी केलेल्या. आजचं काडतूस बिनधुराच्या दारूचं, त्याचा दाब तिला झेपेलच असं नाही. नळीखालचे दाब-चाचणीचे शिक्के वाचा.

नळ्या सुट्या करून आकड्याला टांगा आणि लाकडाने टिचकी द्या. माठ घेताना वाजवतो तसंच. खणखणीत वाजली तर ठीक; बद्द वाजली तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचं डाख सुटलंय.

चोपडा : आणि 12 म्हणजे मिलिमीटर?

शिरपूर : नाही हो! एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एक गोळी जेवढी जाड, तेवढं नळीचं तोंड : साधारण 18.5 मिमी. म्हणून 16 बोअर 12 पेक्षा बारीक. खरा धोका घराच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, लांबीत आहे. बऱ्याच जुन्या बंदुकींच्या घरात 65 मिमीचं काडतूस बसतं. 70 चंही आत जातं, कारण तोंड दुमडलेलं असतं. उडताना दुमड उलगडते, पुढे जागा नसते, दाब वाढतो.

धुळे : दोन चाप का, तेही सांगा. बहुतेक दुनळ्यांत पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या. उजवी मोकळी, डावी तोंडाशी आवळलेली. तित्तर जवळून उठलं तर पहिली, लांब गेलं तर दुसरी. ही पाखरांसाठीचीच मांडणी. आता तित्तर-लाव्हरीची शिकार कायद्याने बंद आहे, त्यामुळे ती उपयोगी पडते ती नेमबाजीत, मातीच्या तबकड्यांवर. आणि ‘दोनाली’ हिंदी, आपली दुनळी.

यावल : ‘बार’ राहिलाच. दारू-छर्ऱ्याची भरती तो बार, उडाला तोही बार. पोरीच्या लग्नाचा बारसुद्धा उडवतातच. ठासणीच्या बंदुकीत तो गजाने ठासायचे, ‘ठासून भरलेलं’ म्हणतो तसंच.

‘फुसका बार’ मात्र हसण्यावारी नेऊ नका. चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान अर्धा मिनिट थांबा. दारू उशिरा पेटू शकते. आवाज फुसकन झाला तर बंदूक उघडून, काडतूस काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. दट्ट्या (दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा) अडकलेला असताना दुसरा बार उडवला, तर नळी तिथेच फुटते.