‘कुटुंबवत्सल’ हा शब्द आमच्या अण्णांना शोभेल का?

काकवी

मंडळी, एका शब्दावर अडलोय.

पुढच्या महिन्यात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध आहे. दोन वर्षांत आमच्या घरातले तीन पुरुष गेले. आधी आजोबा, मग धाकटे काका, मग अण्णा. त्या दिवशी भावकी आणि पाहुणे जमतील, त्यांच्या हातात तिघांची मिळून एक छोटी पुस्तिका द्यावी असं आईच्या मनात आहे. लिहिणं माझ्याकडे आलंय.

छापखान्यातून जुन्या पुस्तिकांचे नमुने आणले. प्रत्येकात तेच: ‘मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचे व कुटुंबवत्सल’. शेवटी ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’. हीच चार विशेषणं तिघांच्या फोटोखाली लावली तर फोटो बदलले तरी कुणाला कळायचं नाही. आजोबा मनमिळाऊ नव्हते. बांधावरून त्यांनी चुलतभावाशी अबोला धरला होता आणि त्याच भावाच्या मयताला सगळ्यांत आधी जाऊन लाकडं रचली होती. हे एका विशेषणात कसं सांगायचं?

म्हणून दोन प्रश्न. ‘कुटुंबवत्सल’ म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द जिवंत माणसासाठी कुणी वापरलेला ऐकलाय का? दुसरं, तिघांच्याही नावाआधी ‘कै.’ लावायचं का? आजोबा माळकरी होते, काका देवळात जायचेच नाहीत.

पाटीपेन्सिल

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. ‘वत्स’ म्हणजे वासरू. आपला ‘वासरू’ हा शब्दही संस्कृत ‘वत्सरूप’वरूनच आला. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस म्हणतो, तिचं पोथीतलं नाव गोवत्स द्वादशी. वासराला बघून गाईला पान्हा फुटतो, तसं ज्याला होतं तो वत्सल. समासात आधीचं पद सांगतं की ही माया कुणावर: भक्तवत्सल, शरणागतवत्सल, कुटुंबवत्सल. पहिले दोन शब्द देवाचे आहेत, तिसरा तेवढा माणसाला मिळाला.

आता जवळचे शब्द बघा. ‘कर्ता पुरुष’ म्हणजे मिळवणारा आणि घरातले निर्णय घेणारा. तो शब्द जबाबदारीचा आहे, कायद्यातही एकत्र कुटुंबाचा ‘कर्ता’ असतो. ‘संसारी माणूस’ म्हटलं की व्यसन नाही, पगार घरात आणतो, एवढं कळतं. ‘घराला धरून असलेला’ म्हणजे भटकणारा नाही. यांतल्या एकाही शब्दात माया नाही. पुरुषाच्या मायेबद्दल बोलणारा ‘कुटुंबवत्सल’ हा एकटाच शब्द आपल्याकडे आहे, आणि तोही मुळात गाईचा. म्हणून मला तो टाकवत नाही.

जिवंत माणसासाठी ऐकलाय, पण निवृत्तीच्या समारंभातल्या मानपत्रात. स्वयंपाकघरात बसून कुणी कुणाला कुटुंबवत्सल म्हणत नाही. घरात आपण म्हणतो, ‘त्यांचा पोरांवर फार जीव होता.’ पुस्तिकेतही हेच लिहिलं तर काय बिघडेल?

वीरगळ

‘कै.’बद्दल. कैलासवासी म्हणजे शिवाच्या घरी गेलेला. माळकरी माणसाला वारकरी ‘वै.’ लावतात, वैकुंठवासी. तुमच्या आजोबांना तेच लावा, त्यांच्या दिंडीतली माणसंही तेच म्हणत असतील. लिंगायत घरांत ‘लिंगैक्य’ म्हणतात. बौद्ध घरांत ‘कालकथित’ लिहितात आणि वर्षश्राद्ध न करता पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवतात. मराठी ख्रिस्ती ‘ख्रिस्तवासी’ लिहितात, मुसलमान ‘पैगंबरवासी’, त्याचं छोटं रूप ‘पै.’. (कोल्हापूर-सांगलीकडे ‘पै.’ म्हणजे पैलवानही, त्यामुळे तिथे पत्रिका नीट वाचावी लागते.) काकांसाठी ‘दिवंगत’ चालेल. अर्थ ‘स्वर्गात गेलेला’ असाच आहे, पण आज तो शब्द कुठल्या एका देवाचा राहिलेला नाही.

एवढं लिहून थांबणार होतो, पण तुमच्या विशेषणांच्या प्रश्नावरून राहवेना. आपल्या जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात. शब्द कानडीतला, ‘वीरगल्लु’, वीराचा दगड. दगडावर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात आणि त्या खालून वर वाचायच्या. सगळ्यांत खाली लढाई, पुष्कळदा गावाच्या गाई पळवणाऱ्यांशी. मधे अप्सरा त्याला वर नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे बसलेला, म्हणजे अक्षरशः कैलासवासी. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर ही आठवण राहो म्हणून. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही, अक्षर नाही. तो शूर होता असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यानं काय केलं ते खालच्या चौकटीत आहे, बस्स. तुमच्या आजोबांची खालची चौकट तुम्ही वर लिहूनच टाकली आहे: अबोला धरलेल्या भावाच्या मयताची लाकडं.

आखाजी

मी जळगावकडची. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या करतात आणि निखाऱ्यावर घास वाहतात, त्याला ‘आगारी टाकणं’ म्हणतात. त्या वेळी नाव मनात घ्यायचं असतं. माझी तिथेच पंचाईत होते.

माझे सासरे गेले त्याच वर्षी मुलगा झाला आणि रीतीप्रमाणे त्याला सासऱ्यांचं नाव ठेवलं. आता सुनेनं सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी त्याला ‘आबा’ म्हणायला लागले. तो आज नोकरीला आहे, तरी मला ‘आबा’च. सासूबाई तर नवऱ्याचं नाव जन्मात कधी बोलल्या नाहीत. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यांच्यासाठी ते कायम ‘हे’. गेल्यावरही ‘हे होते तेव्हा’, ‘ह्यांना वांग्याचं भरीत लागायचं’. ज्या दोन बायकांनी त्या माणसासाठी सर्वांत जास्त भाकरी थापल्या, त्यांच्या तोंडून त्याचं नाव कधी आलंच नाही. नाव घेतलं ते भटजींनी, श्राद्धाच्या दिवशी.

म्हणून काकवीदादा, एक विनंती आहे. पुस्तिकेत तुमच्या आईचा शब्द घाला. त्या अण्णांना काय म्हणायच्या?

पाटीपेन्सिल

आखाजीताई, तुमच्या प्रतिसादाला जोडून थोडं. श्राद्धात तीन पिढ्यांचीच नावं घेतात: वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. त्यामागचे पितर नावानं येत नाहीत. पण मराठी माणसाच्या नावात एक सोय आहे, स्वतःचं नाव, मधे वडिलांचं, मग आडनाव. बँकेत, परीक्षेत, रेशनकार्डावर आपण वडिलांचं नाव रोज लिहितो आणि ते गेल्यावरही लिहीत राहतो. त्याआधी कुणी ‘कै.’ लावत नाही.

तेरवी

विदर्भातून. आमच्याकडे तेराव्या दिवसाला तेरवी म्हणतात, तिकडे ‘उत्तरकार्य’ छापलेलं वाचतो. रक्षाविसर्जन आणि राख सावडणं एकच का? आणि ‘पुण्यतिथी’ व ‘पुण्यस्मरण’ यांत फरक आहे का?

काकवी

तेरवी, हो, एकच. आमच्या कोल्हापूरकडे बातमीत ‘रक्षाविसर्जन’ येतं, घरातली म्हातारी माणसं ‘सावडायला जायचंय’ म्हणतात. पुण्यतिथी म्हणजे तो दिवस, पुण्यस्मरण म्हणजे त्या दिवशी आपण करतो ते. जाहिरातीत ‘प्रथम पुण्यस्मरण’ छापतात, मला ते ‘प्रथम पुण्यतिथी’पेक्षा बरं वाटतं, कारण त्यात करणारी माणसं दिसतात.

आखाजीताई, तुमचा प्रश्न मी आईला विचारला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मालक म्हणायची चारचौघांत. घरात ‘आवं’.” नुसतं ‘आवं’. एकोणचाळीस वर्षं.

या आठवड्यात वारसनोंदीसाठी तलाठ्यांकडे गेलो होतो. गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, आमची नावं चढली की सातबाऱ्यावर अण्णांच्या नावावर आडवी रेघ येणार. तलाठीभाऊंनी हे अगदी मायेनं समजावलं: आता नावावर रेघ मारतात, पूर्वी खोडत नसत, कंसात घालत. घरी आल्यावर मृत्यूच्या वेळची वर्तमानपत्रातली जाहिरात काढून बघितली. तिथला कंस उलटा होता. पूर्ण नाव बाहेर आणि ‘अण्णा’ कंसात. आम्ही ज्या नावानं त्यांना हाक मारली ते दोन कंसांच्या मधे, बारीक अक्षरात. पुस्तिकेत मी हे बदललंय. वर मोठ्या अक्षरात ‘अण्णा’, खाली पूर्ण नाव.

तुम्हा सगळ्यांचं वाचून विशेषणं काढली. ‘कुटुंबवत्सल’ही काढला, पाटीपेन्सिल यांची माफी मागून. त्याचा अर्थ कळल्यावर तो लिहिण्यापेक्षा दाखवावासा वाटला. अण्णांचा मजकूर सध्या असा आहे:

‘अण्णा गुळव्या होते. दिवाळी झाली की गुऱ्हाळ सुरू व्हायचं आणि अण्णा घरी फक्त अंघोळीला यायचे. काहिलीतला रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालून मळी काढायचे. पाक झाला का ते बघायला उलथण्यावरचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी करायचे. गोळी जमली की हाळी द्यायचे आणि चौघे मिळून काहील वाफ्यात ओतायचे. त्या पहिल्या गोळ्या ते शर्टाच्या खिशात कागदात ठेवायचे. पहाटे घरी आले की आम्ही झोपेत असतानाच आमच्या तोंडात एकेक घालायचे. आम्ही तिघं भावंडं आणि काकांची दोघं, पाच गोळ्या. सहावी आवंसाठी.’

शेवटच्या ओळीत ‘आवंसाठी’ असंच ठेवू का? आईला ते चालणार आहे, मी विचारलंय. पण पाहुण्यांना कळेल का, की आईला तेही ‘आवं’च म्हणायचे?

आखाजी

ठेवा. ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल.