मदत हवी आहे: पाण्यात आर्सेनिक ७ आलंय, दोन्ही टाक्या बदलू का?

कंदीपेढा
तळघरात पाण्यातलं आर्सेनिक काढणाऱ्या दोन टाक्या आहेत, आधीच्या मालकाने बसवलेल्या. काल रिपोर्ट आला, ७. सर्व्हिसवाला म्हणतो दोन्हीतला मीडिया (आर्सेनिक धरणारे दाणे) संपला, लगेच बदला. पैसे अवाच्या सव्वा सांगतोय, वर उद्या सकाळपर्यंत उत्तर हवंय. घरात लहान मुलगी आहे. बदलू का? प्लीज लवकर सांगा.

जुनाखोड
७ काय? राहता कुठे? पाणी कसलं?

सोलकढी
टीडीएस मीटर घ्या, स्वस्तात मिळतो. आम्ही रोज बघतो.

घाटावरची
त्या मीटरला आर्सेनिक दिसत नाही हो. तो पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजतो, हे प्रकरण पीपीबीतलं (अब्जात किती). आणि उकळू नका, पाणी आटतं, आर्सेनिक तिथंच राहतं.

कंदीपेढा
पीपीबीच. न्यू जर्सी, हंटरडन काउंटी. इथं घरोघरी वेल, म्हणजे स्वतःची बोअर असते म्हणून लिहिलं नाही. बदलू का ते सांगा ना!

जुनाखोड
मग ७ जास्तच. केंद्राची मर्यादा १०, पण न्यू जर्सीची २००६ पासून ५ आहे. बदलून टाका, पोरीपुढे पैसे काय बघायचे.

सोलकढी
टाक्या हव्यात कशाला? सिंकखाली आरओ लावा. आंघोळीच्या पाण्याने काही होत नाही.

घाटावरची
सोलकढी, आर्सेनिकचे दोन प्रकार असतात: आरओ आर्सेनिक-५ चांगलं अडवतो, आर्सेनिक-३ बरंचसं निसटतं. ते असेल तर आधी क्लोरीन वगैरे देऊन त्याचं आर्सेनिक-५ करून घ्यावं लागतं. शिवाय पोरं दात घासताना बाथरूमच्याच नळाला तोंड लावतात.
कंदीपेढा, सॅम्पल कुठल्या नळाचं?

सोलकढी
आमची पोरं नाही लावत.

कंदीपेढा
दोन टाक्यांच्या मधे छोटा नळ आहे, सर्व्हिसवाल्याने तिथून बाटली भरली. घर घेताना कच्च्या (टाक्यांत जाण्याआधीच्या) पाण्याचं २३ होतं. किचनचं केलं नाही, वर तेच पाणी येतं ना?

घाटावरची
तेच नाही! मधल्या नळाला फक्त पहिल्या टाकीतून आलेलं पाणी असतं. २३ चं ७ म्हणजे पहिली थकलीय. उरलेलं धरायलाच दुसरी असते. किचनच्या नळाचं सॅम्पल स्वतः सर्टिफाइड लॅबला द्या. ते स्वच्छ आलं तर फक्त पहिली काढायची, दुसरी तिच्या जागी आणायची आणि नवी तिच्या मागे. बायपास व्हॉल्व्ह (टाक्या टाळून पाणी थेट वर सोडणारा) बंद आहे ना तेही बघा. तोवर पोरीला बाटलीचं पाणी. पुढे दरवर्षी मधलं आणि किचनचं, दोन्ही तपासा.

जुनाखोड
हे आधी लिहायचं ना, मी बदला म्हणून मोकळा झालो.

कंदीपेढा
पण उद्या त्याला काय सांगू?

घाटावरची
किचनचा रिपोर्ट आला की फोन करते म्हणावं. तो कुठं पळून जात नाही.

मोदक_२१
अवांतर: आमचंही वेलचंच पाणी आहे, एडिसनहून इकडे आल्यापासून केस फार गळतायत. सॉफ्टनरमुळे असेल का?