विषय: माणशी किती नग? ऑनलाइन स्टोअरमधली मर्यादा

नमस्कार मंडळी,

मागच्या खेपेला स्टोअरवर 60 टी-शर्ट ठेवले आणि त्यातले 22 एकाच ऑर्डरमध्ये गेले. घेणाऱ्याचं काही चुकलं नाही, नियमच नव्हता. पण संध्याकाळी वेळ मिळालेल्यांना 'स्टॉक संपला' एवढंच दिसलं. त्यांच्या ईमेलना उत्तरं देताना फार वाईट वाटलं. यंदा माणशी 2 नग ठेवायचे आहेत. आपलं स्टोअर वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. संख्येच्या चौकटीत कमाल 2 टाकलं की पुरेल का?

---

ताई, नाही पुरणार. ती कमाल संख्या ब्राउझरपुरती असते. कार्टच्या लिंकमध्येच नगसंख्या लिहिली की चौकटीचा संबंध उरत नाही. कुणी 2 टाकेल, मागे येऊन आणखी 2 टाकेल. तपासणी सर्व्हरवर हवी आणि दोनदा हवी: कार्टमध्ये टाकताना आणि ऑर्डर नक्की होताना. दुसरी बहुतेक जण विसरतात. मर्यादा 5 वरून 2 वर आणली, तरी आदल्या दिवशी कुणाच्या कार्टमध्ये राहिलेले 5 तसेच पुढे सरकतात.

वूकॉमर्समध्ये मुळात एका ऑर्डरमागे 1 नग एवढीच सोय आहे, 'सोल्ड इंडिव्हिज्युअली' या नावाची. 2 हवे असतील तर प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) किंवा थोडा कोड लागेल. प्लगइन घेताना एक नक्की बघा: मर्यादा प्रत्येक साइझला लागते की सगळ्या साइझ मिळून? नाहीतर मिडियम 2, लार्ज 2, स्मॉल 2 असे 6 नग सहज निघतात.

खरी अडचण मात्र 'माणशी' या शब्दात आहे. ऑर्डरमागे 2 ठेवले तर लोक तीन ऑर्डरी करतील. माणशी मोजायचं तर घेणाऱ्याच्या ईमेलवरून आधी झालेल्या ऑर्डरीही धरायला हव्यात. त्यातून रद्द झालेल्या वगळा, पण पैसे यायचे बाकी असलेल्या मोजा. अशा ऑर्डरसाठी स्टॉक किती वेळ राखायचा, त्याचं सेटिंग मुळात 60 मिनिटांचं असतं. नग कमी असतील तर ते 15 वर आणा.

---

दादा, ईमेल बदलून पुन्हा घेता येईलच की. पत्त्यावर मर्यादा लावली तर?

---

ती लावू नका, असं माझं ठाम मत आहे. एका घरात चौघं राहतात, त्या चौघांचाही हक्क आहे. शिवाय पत्ता प्रत्येक जण वेगळ्या तऱ्हेनं लिहितो, त्यामुळे जुळणी धड होत नाही. नग पाठवण्याआधी ऑर्डरींची यादी पत्त्यानुसार लावून कुणीतरी नजरेखालून घाला. 60 नगांना अर्धा तास लागेल.

आणि मर्यादा उत्पादनाच्या पानावर, किमतीच्या खालीच लिहा. पैसे भरायच्या पायरीवर 'अवैध संख्या' असं दिसलं की माणूस चिडतो. 'या टी-शर्टचे माणशी 2 नग मिळतात, तुमच्या कार्टमध्ये 2 आहेत' असं लिहिलं तर त्याला कळतं.

---

दादा, काल रात्री चाचणीच्या स्टोअरवर करून पाहिलं. मिडियम 2 घेतले, मग लार्ज 1 टाकला, तोही आत गेला! साइझ मिळून मोजायचा पर्याय प्लगइनमध्ये बंद होता, तो चालू केल्यावर अडलं. आता कार्टमध्ये 5 ठेवून मर्यादा खाली आणून बघते, मग विक्रीची तारीख कळवते.