हात दुखेपर्यंत रियाज करावा का?

चौथे_बोट:
“हात दुखू लागत नाहीत तोवर खरा रियाज सुरूच होत नाही, आजच्या मुलांना कष्टच नकोत,” असे काल ‘लयकार’ यांनी लिहिले. ते वाचून स्वस्थ बसवेना. मी बावीस वर्षे व्हायोलिन वाजवतो आहे. त्यातल्या अकराव्या वर्षी डाव्या करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. शिक्षक म्हणाले, “वाजवत राहा, आपोआप जाईल.” मी वाजवत राहिलो. चार महिन्यांनी एका सकाळी शर्टाचे बटण करंगळी आणि अनामिकेला धरवेना, आणि तारेवर दाबून पडणारे चौथे बोट (व्हायोलिनवर करंगळीला असे म्हणतात) नुसते टेकू लागले. कोपर तासन्‌तास वाकवून धरल्यामुळे तिथली नस दबली होती. त्यानंतर वाद्य आठ महिने पेटीत राहिले. पहिल्या आठवड्यातच थांबलो असतो तर बहुधा पंधरा दिवसांत निभावले असते.

लयकार:
आपल्या शिक्षकांची चूक आपण सबंध परंपरेच्या माथी मारत आहात. मी रोज सहा तास तबला वाजवला, बोटे सुजली, आणि त्याच बोटांवर आज माझा संसार चालतो. स्नायू थकल्याशिवाय ताकद येत नाही. आपली बैठकच चुकली असेल, तर त्याचा दोष रियाजाला कशासाठी?

चौथे_बोट:
थकवा आणि दुखणे यांत फरक आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. थकवा विश्रांतीने उतरतो. मुंग्या आणि बधिरपणा अंगावर काढले तर वाढत जातात. शिवाय प्रत्येक इजा दुखतेच असेही नाही. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटे १९६० च्या दशकात आपोआप तळव्याकडे वळू लागली. पुढची सुमारे तीस वर्षे ते मुख्यतः डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचनाच वाजवत राहिले. त्यांना कष्ट नको होते, असे आपण म्हणाल काय?

तिसरी_रांग:
सगळे हातांवरच बोलत आहेत, कानांचे नावही कोणी काढत नाही. मी वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडे मोठे तंतुवाद्य, वाजवते आणि माझ्या पाठीमागे ट्रम्पेट असतात. ८५ डेसिबेल आवाज कानांना आठ तास सोसवतो असे मानले, तर दर तीन डेसिबेलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबेलला जेमतेम एक तास उरतो. आमची तालीम तीन तासांची असते. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये २०१२ साली संगीतकार वाग्नरच्या ऑपेराच्या तालमीत एका व्हायोलावादकाचे कान असेच गेले, आणि २०१८ साली न्यायालयाने संस्थेला जबाबदार धरले. तरी अजून आम्हालाच सांगतात, “कानांत प्लग घाला.”

ओबो_वाला:
मग घालावेत! वेळीच घातले असते तर आज ही तक्रार करावी लागली नसती.

तिसरी_रांग:
आपण स्वतः घालता का?

ओबो_वाला:
नाही, कारण ओबो फुंकून वाजवताना प्लग असला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो आणि सूर किंचित वर आहे की खाली, ते कळत नाही. फोमचे प्लग तर वरचे सूर जास्तच गिळतात. तंतुवाद्यांचे तसे नाही.

तिसरी_रांग:
म्हणजे आपल्याला जे जमत नाही ते आम्ही करावे! रात्री उशीवर डोके टेकले की माझ्या डाव्या कानात शिट्टी सुरू होते. मुलगी त्या बाजूने कुजबुजली तर मला कान वळवावा लागतो. मागचे वादक बसतात त्या चौथऱ्यांची उंची वाढवा, रांगांमध्ये अंतर ठेवा, जोराचे तुकडे रोज संपूर्ण ताकदीने घेऊ नका, हे मी तीनदा लेखी दिले आहे. “जागा नाही” एवढेच उत्तर मिळाले.

ओबो_वाला:
चौथऱ्यांचे म्हणणे रास्त आहे. माझे शब्द कठोर होते, ते मागे घेतो. प्लगविषयीचे मत मात्र तेच आहे.

लयकार:
कानांचे मला माहीत नव्हते. ते मान्य करतो. हातांबद्दल एवढेच मानतो की बधिरपणा आला तर थांबावे. नुसत्या थकव्यावर थांबणाऱ्याला मी शिकवणार नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचे मनगट दोन आठवडे दुखते आहे, आणि कालच मी त्याला दामटून बसवले होते. आज त्याला डॉक्टरांकडे पाठवले आहे. याचा अर्थ आपले सगळे पटले असा कृपया काढू नये.

चौथे_बोट:
नाही काढत. त्याच्या बोटांना मुंग्या येतात का, तेवढे मात्र त्याला विचारा.