डाय कास्टिंग सिम्युलेशन: एचटीसी (उष्णता संक्रमण गुणांक) ५,००० धरायचा की २०,०००?

कोअरपिन (प्रश्न):
एडीसी१२ (ॲल्युमिनियम मिश्रधातू) चं हाउसिंग, हाय प्रेशर मशीनवर. भिंत ३ मिमी, एका टोकाला २२ मिमी व्यासाचा बॉस (जाड गोल उंचवटा) आणि त्यात ८ मिमीची कोअर पिन (भोक घडवणारी पोलादी पिन). धातू आणि डाय (पोलादी साचा) यांच्यामधला एचटीसी सगळीकडे ५,००० वॉट/मी²·के धरलाय. कॅव्हिटीच्या (साच्यातल्या पोकळीच्या) पृष्ठभागापासून १५ मिमी आत बसवलेल्या थर्मोकपलशी (तापमान मोजणाऱ्या तारेशी) सिम्युलेशन जुळतं. प्रत्यक्षात मात्र पिनला धातू चिकटतो, बॉसमध्ये पोरोसिटी (आतली छिद्रं) येते, आणि सिम्युलेशनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. २०,००० करून पाहिलं, थर्मोकपलचा आलेख जेमतेम हलला. खरा आकडा कोणता?

हॉटस्पॉट:
एकच आकडा नसतोच. धातू दाबाखाली पोलादाला भिडला की एचटीसी १०,००० च्या बराच वर जातो. कातडी गोठून आकसायला लागली की घसरतो. त्यामुळे स्थिर आकडा न देता वेळेनुसार किंवा घनांशानुसार (धातूचा किती भाग गोठला त्यानुसार) टेबल द्या.

आणि कॅव्हिटीचं टेबल पिनला लावू नका. कास्टिंग आकसताना कॅव्हिटीच्या भिंतीपासून सुटतं, पिनवर मात्र आवळतं. तिथे फट पडत नाही, उष्णता ओतली जातच राहते. बारीक पिन, चहूबाजूंनी धातू, उष्णतेला बाहेर पडायला वाट फक्त मुळाकडून. मग चिकटणार नाही तर काय!

मायक्रोमीटर:
१५ मिमीवर एचटीसी कळत नाही, तिथे जुळलं याला फारसा अर्थ नाही. एच१३ (डायचं पोलाद) ची उष्णतावाहकता साधारण २५ वॉट/मी·के धरली, तर १०,००० च्या एचटीसीचा रोध जेमतेम २.५ मिमी पोलादाएवढा होतो. शिवाय तितक्या आत उष्णता पोचेपर्यंत शॉट (एका वेळी भरलेला धातू) गोठून गेलेला असतो. ते थर्मोकपल सायकलची सरासरी दाखवतं.

पृष्ठभागापासून १ ते २ मिमीवर एक आणि ८ ते १० मिमीवर दुसरं, अशी बारीक के-टाइप थर्मोकपलची जोडी बसवा आणि त्या नोंदींवरून इन्व्हर्स पद्धतीने (तापमानावरून उलट गणित करून) एचटीसी काढा. टोक भोकाच्या तळाला दाबून टेकलंच पाहिजे. मध्ये हवा राहिली तर रीडिंग उशिरा येतं, शिखर बुटकं दिसतं आणि एचटीसी कमी निघतो.

बबलर:
पिन आतून थंड होते का? नसेल तर पोकळ पिन आणि जेट कूलिंग (पिनच्या आत पाण्याचा झोत). असेल तर आधी पाण्याच्या वाटेत साचलेले क्षार तपासा. अर्धा मिमी थर म्हणजे ६ ते १२ मिमी जादा पोलाद मध्ये घातल्यासारखं. स्प्रे (डायवर मारायचा फवारा) वाढवून भागणार नाही: पिन फार तापली असेल तर थेंब वाफेच्या पापुद्र्यावर तरंगून उडतात, पृष्ठभाग भिजतच नाही.

गेट (धातू कॅव्हिटीत शिरतो ती वाट) किती जाड आहे?

कोअरपिन:
१.८ मिमी, आणि बॉसपासून लांब. पिन भरीव आहे.

बबलर:
मग पोरोसिटीचं कारण वेगळं आहे. गेट आणि ३ मिमीची भिंत बॉसच्या आधी गोठतात, इंटेन्सिफिकेशनचा (कॅव्हिटी भरल्यावर दिलेला वाढीव) दाब बॉसपर्यंत पोचतच नाही. एचटीसी काहीही धरा, त्याने हे बदलणार नाही. जागा असेल तर गेट बॉसजवळ आणून जाड करा, नाहीतर बॉसवर स्क्वीझ पिन (गोठताना धातू दाबणारी पिन). पिनचं जेट कूलिंग दोन्ही पर्यायांत लागेलच.